डोक्याला लागलेला जुना मार आणि कार्डावरचं 'टेन्शन' : निर्वासित वस्त्यांमध्ये काम करणाऱ्यांसाठी

इटियाडोह
गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूची नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ची. गडचिरोलीच्या मुलचेरा-चामोर्शी पट्ट्यातली बंगाली गावं पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांची, निर्वासितांना वसवणाऱ्या दंडकारण्य प्रकल्पाच्या काळातली. भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण दोन्हीकडच्या ओपीडीत तक्रार तीच ऐकू येते: झोप नाही, चिडचिड होते, ठेवलेली वस्तू सापडत नाही, डोकं जड. आणि कार्डावर शब्दही तोच पडतो, टेन्शन. मग रात्रीची एक गोळी, महिन्यानं तीच पुन्हा.

म्हणणं एवढंच आहे की 'टेन्शन' लिहिण्याआधी डोक्याला कधी मार लागला होता का ते विचारा, आणि नीट विचारा. हद्द ओलांडून आलेल्या माणसाच्या डोक्याला मार बसण्याच्या जागा आपल्यापेक्षा जास्त असतात: कोठडीतली मारहाण, गळा दाबणं, वाटेत दरीत पडणं, छावणीतली भांडणं, घरातला मार. २०१६ साली ग्लासगोची एक पाहणी प्रसिद्ध झाली. मानसिक आघाताच्या उपचाराला पाठवलेले ११५ निर्वासित आणि आश्रय मागणारे तिच्यात होते आणि निम्म्याहून किंचित जास्त लोकांच्या डोक्याला पूर्वी मार लागलेला निघाला. (बेशुद्धीची पातळी मोजायची आपली रोजची ग्लासगो पट्टीही त्याच शहरातली, १९७४ची.) २००९च्या दुसऱ्या एका अभ्यासात व्हिएतनामच्या माजी राजकीय कैद्यांच्या मेंदूचे फोटो काढले होते. ज्यांच्या डोक्याला मार होता त्यांच्या मेंदूचा वरचा थर कपाळामागे आणि कानशिलाच्या बाजूला पातळ दिसला आणि त्यांच्यात उदासीनताही जास्त होती.

म्हणजे मार आणि मन हे दोन वेगळे कप्पे नाहीत. पण उपचार ठरवताना दोन्ही वेगळे ओळखावे लागतात. ते कसं करता, यावर लिहा.

---

झाडीची_सीएचओ
पहिली चूक प्रश्नातच होते. "डोक्याला मार लागला होता का?" असं विचारलं की दहातले बहुतेक जण नाही म्हणतात. लोकांच्या लेखी टाके पडले, रक्त वाहिलं तरच तो मार. म्हणून प्रसंगाचं नाव घेऊन विचारायचं: झाडावरून किंवा छपरावरून पडलात? गाडीवरून? बैलानं, गाईनं उडवलं? कुणी काठीनं, बुटानं, बंदुकीच्या दांड्यानं मारलं? डोकं भिंतीवर आपटलं? कुणी गळा आवळला, तोंड पाण्यात बुडवलं? जवळ स्फोट झाला? शेवटचे तीन प्रश्न हमखास राहून जातात. गळा दाबल्यानं कवटीला काही होत नाही, पण मेंदूला रक्त आणि हवा कमी पडते आणि नंतर विसरणं-चिडणं तसंच दिसतं.

हो म्हणाले की मग पुढचं. बेशुद्ध पडलात का, हे त्यांना स्वतःला सांगता येत नाही, म्हणून असं विचारा: "त्याच्या आधीचं शेवटचं काय आठवतं? आणि नंतरचं पहिलं काय आठवतं?" मधली पोकळी किती, ते लिहा. चोवीस तासांच्या आत असेल तर मार बहुधा सौम्य, एक ते सात दिवस असेल तर मध्यम, त्याहून जास्त असेल तर गंभीर. किती वेळा लागलं तेही लिहा. कोठडीतला मार एकदाच बसलेला नसतो.

हे सगळं दहा मिनिटांत होतं. रांग असेल तर त्याच दिवशी करू नका, वेगळा वार द्या.

---

मेंदूकारकून
वरच्या पोकळीच्या प्रश्नात एक फसगत आहे. भीतीनं सुन्न झालेल्या माणसालाही मधलं आठवत नाही. उपाशी ठेवलेला माणूस भोवळ येऊनही पडतो. म्हणून एकट्या पोकळीवरून काही ठरवू नका. माराची पोकळी साधारण सलग असते आणि ती वर्षांनीही भरून येत नाही. मानसिक आघातात आठवण तुकड्यातुकड्यांनी असते, आणि नको तेव्हा उसळून येते: वास, आवाज, खाकी कपडा दिसला तरी.

सरमिसळ होणारी लक्षणं: झोप, चिडचिड, लक्ष न लागणं, थकवा. यांवरून काहीच ठरत नाही. थोडाफार फरक कळतो तो असा. तेच ते वाईट स्वप्न, दचकणं, ठरावीक जागा टाळणं, पाठीमागे कुणी बसलेलं न चालणं: हे आघाताकडे झुकतं. ऊन, उजेड, गोंगाट, वाकून काम केलं की वाढणारी डोकेदुखी, मान फिरवली की घेरी, तोल जाणं, वास न येणं, शब्द जिभेवर येऊन अडणं: हे माराकडे. आणि बऱ्याच जणांत दोन्ही असतं, तेव्हा 'हे की ते' म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्ही लिहा.

कानाचंही बघा. दोन्ही कानांवर एकदम थापड मारायची छळाची एक जुनी पद्धत आहे. पडदा फाटतो, एका कानानं कमी ऐकू येतं, गरगरतं. असा माणूस 'लक्ष देत नाही' म्हणून बदनाम होतो. खरं तर त्याला ऐकूच येत नसतं.

---

सोनम_दुभाषी
भाषेबद्दल. दुभाष्या घरातला घेऊ नका. नवऱ्यासमोर बायको घरातल्या माराबद्दल बोलणार नाही, आणि मुलासमोर बाप तुरुंगाबद्दल. वसाहतीतलाच घेतला तर आधी एकट्यात विचारा, "हा माणूस चालेल ना?" गाव लहान, सगळ्यांना सगळं माहीत.

तिबेटी वडीलधारी माणसं छातीवर दडपण, धडधड, झोप न लागणं, मन उडाल्यासारखं होणं याला 'सोक-लुंग' म्हणतात, प्राणवायू बिघडणं. ते ऐकून हसू नका आणि ताबडतोब 'म्हणजे डिप्रेशन' असंही भाषांतर करू नका. "लुंग कधीपासून? कशानं वाढतो?" असं विचारलं की पुढचं आपोआप निघतं, कधीकधी डोक्यावर बसलेला मारही तिथेच कळतो. तिबेटी औषधाच्या गोळ्या चालू आहेत का, तेही विचारा, आणि "बंद करा" म्हणायच्या आधी त्या कशासाठी दिल्या ते समजून घ्या.

'चक्कर' हा शब्द मात्र सगळ्यांनाच फसवतो. खोली फिरते, डोळ्यांपुढे अंधार येतो, की पाय लटपटतात, हे हातानं दाखवायला सांगा.

---

वऱ्हाडी_फिजिओ
जुन्या माराचं झालं, ताज्या माराचं बी सांगून ठेवा लागते, कारण उद्या तोच जुना होते. पह्यलं काम मानेचं. दोघांनी बगलेत हात घालून उठवू नका, पडला तसा ठेवा, मान सरळ, दोन्ही बाजूले गुंडाळलेला दुपट्टा. उचलाचं असंन तं चौघं जण, एकानं फक्त डोकं धराचं अन् उचलाचा हुकूम त्यानंच द्याचा. सुंभाची बाज मधात लवते, म्हून तिच्यावर फळी नाही तं दाराचं पल्लं टाका, मंग त्यावर माणूस. ओकारी आली तं सगळं अंग एकसाथ कुशीवर वळवा, मान एकटी वळवू नका.

रक्त येत असंन तं घडी केलेला स्वच्छ कपडा दाबून धरा, पाच-सात मिनिटं, मधात उचलून पाहू नका. खालचं हाड दबलेलं लागलं तं मधात नाही, कडेनं दाबा. हळद, तंबाखू, चुनखडी काही भरू नका, तिथं टाके टाकनाऱ्याले आधी ते धुवा लागते. कानातून, नाकातून पाण्यासारखं येत असंन तं बोळा कोंबू नका, वाहू द्या. फिट आली तं कांदा अन् चप्पल हुंगवनं, तोंडात चमचा घालनं बंद. कुशीवर वळवा, घड्याळ पहा, पाच मिनिटांच्या वर गेली तं १०८. तोंडानं पाणी-चहा काहीच नाही. दुखते म्हून अॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक बी नाही, रक्तस्राव वाढू शकते, पॅरासिटामॉल चालते.

---

झाडीची_सीएचओ
@वऱ्हाडी_फिजिओ भाऊ, यात एक जोड. 'डोक्याला लागलंय, झोपू देऊ नका' म्हणून रात्रभर माणसाला जागं ठेवतात, त्याची गरज नाही. तपासून घरी सोडलेला माणूस झोपू शकतो. पण पहिले चोवीस तास एकटा नको, आणि आपल्याकडे दवाखाना लांब म्हणून पहिल्या रात्री दोन-तीन तासांनी उठवून नाव, गाव, कुठे आहोत एवढं विचारा. उठतच नाही, दोनदा ओकला, डोकेदुखी वाढत चालली, एका डोळ्याची बाहुली मोठी, एक हातपाय लुळा, बडबड वेगळी, डोळ्यांभोवती किंवा कानामागे निळं पडलं: थेट निघायचं. सीटी स्कॅन कुठे सुरू आहे हे आधी फोनवर विचारून निघा, मशीन बंद असण्याचा दिवस नेमका हाच असतो. न्यूरोसर्जन नागपूरला, म्हणजे तीन-साडेतीन तास धरा.

---

मेंदूकारकून
आणि तीन आठवड्यांनंतरचं विसरू नका. म्हातारा माणूस, दारू पिणारा, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारा: यांना बारीकसा मार लागतो, कुणी लक्ष देत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, माणूस सुस्त होतो, कपड्यात लघवी होते, चालताना एका बाजूला कलतो, 'म्हातारपणानं वेडा झाला' म्हणतात. कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त असू शकतं, आणि ते काढल्यावर माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो. वागणं अचानक बदललं की आधी सीटी, मानसोपचार नंतर.

---

वावरातला_विश्लेषक
शिकलेल्या माणसासाठी बनवलेल्या चाचण्या इथं चालतात का? शंभरातून सात वजा करत जा म्हटलं तर शाळेत न गेलेली बाई हुशार असूनही नापास होते.

---

मेंदूकारकून
@वावरातला_विश्लेषक नाही चालत, म्हणून वापरू नका. वार उलटे म्हणायला सांगा: रवि, शनि, शुक्र... महिने नको, तिबेटी पंचांग वेगळं असतं. वीसपासून एकपर्यंत उलटं मोजणं, तेही आईच्या भाषेत. तीन वस्तू सांगा (विळा, भात, घंटा), मध्ये दुसरं काही बोला, पाच मिनिटांनी विचारा. कपाळामागच्या भागासाठी हाताचा खेळ: मूठ, तळहाताची कड, पालथा पंजा, हेच सहा वेळा, दोनदा तुम्ही दाखवा. क्रम चुकत राहिला, मूठ-मूठच होत राहिली तर लिहून ठेवा. टाचेला अंगठा लावून दहा पावलं सरळ चालवा, पण आधी पायाचे तळवे बघा. तळव्यांवर मारलेल्या माणसाची चाल मेंदूमुळे नाही, पायांमुळे बिघडते.

एक इशारा. भाषा कळत नाही म्हणून ग्लासगो पट्टीत बोलण्याचे गुण कापले जातात. पाचपैकी चार किंवा तीन, आणि माणूस अकारण 'गोंधळलेला' ठरतो. दुभाष्या नसेल तर डोळ्यांचे चारपैकी आणि हालचालीचे सहापैकी गुण वेगळे लिहा, बोलण्यापुढे 'भाषा अडचण' लिहा, आकडा लिहू नका.

---

औषध_काटकसर
गोळ्यांबद्दल थोडं कडक बोलतो. ओपीडीत मिळणारी झोपेची गोळी, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, मार लागलेल्या मेंदूला बरी नाही: तोल जातो, विसरणं वाढतं, आघाताच्या आजारातही ती काही बरं करत नाही. पण महिनोनमहिने घेतलेली गोळी एका दिवसात तोडू नका, फिट येऊ शकते, हळूहळू कमी करा. दुखण्यावरचं ट्रामाडॉल आणि उदासीनतेवरचं बुप्रोपिऑन फिटची शक्यता वाढवतात, ज्याला मारानंतर फिट आल्या त्याला नकोत. उदासीनतेचं औषध सुरू करताना अर्ध्या मापानं, सर्ट्रालीन २५ मिलिग्रॅम आणि एक-दोन आठवड्यांनी ५०. म्हाताऱ्या माणसाला यानं रक्तातलं सोडियम उतरू शकतं. अधिक गोंधळला तर ते तपासा, डोस वाढवू नका. हे सगळं डॉक्टरांनी लिहायचं, मेडिकलवाल्यानं नव्हे.

डोकेदुखीवर सुई मागणारे पुष्कळ. महिन्यात दहा-पंधरा दिवसांच्या वर वेदनाशामक घेतलं की त्या गोळीचीच डोकेदुखी सुरू होते. उन्हाळ्यात वावरात काम करणाऱ्यांत आधी पाणी आणि मीठ बघा, सगळं मेंदूवर ढकलू नका.

दारू: मोहाची असो की देशी, मार लागलेल्याला कमी प्रमाणातच जास्त चढते. आणि रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात. सोडायची तर दवाखान्यात, थायमिन (जीवनसत्त्व बी-१) सुरू करून.

---

इटियाडोह
धन्यवाद मंडळी. समुपदेशन कसं बदलायचं ते लिहितो. 'डोक्याला मार आहे, बोलून काही होणार नाही' हे कुठेतरी ऐकून लोक सोडून देतात. तसं नाही. सौम्य मार असलेल्यालाही आघाताच्या उपचाराचा फायदा होतो, फक्त मांडणी बदलावी लागते: २५ ते ३० मिनिटं, त्यापेक्षा लांबवू नका. एका बैठकीत एकच गोष्ट. सकाळची वेळ, कारण दुपारपर्यंत मेंदू थकतो. पंखा घरघरत नसलेली खोली, आणि दार त्याच्या समोर, पाठीमागे नव्हे. शेवटी तो काय घेऊन चाललाय ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या. गोळ्या आठवड्याच्या पुड्यांत बांधा, प्रत्येक पुडीवर चंद्र-सूर्य काढा. फोन असेल तर गजर लावून द्या.

हिवाळ्यात तिबेटी मंडळी स्वेटर विकायला शहरोशहरी जातात, दोन-तीन महिने येत नाहीत. भाताच्या चुरण्याच्या वेळी बंगाली गावांतलं तेच. तेव्हा ऑक्टोबरातच पुढच्या दोन-तीन महिन्यांची औषधं आणि फोनवर बोलायचा वार ठरवा.

आणि जीव द्यायच्या विचाराबद्दल थेट विचारा. डोक्याला मार लागलेल्यांत हा धोका जास्त असतो, वर घरात फवारणीचं औषध पडवीतच टांगलेलं असतं. ते आजच्या आज कुलूपबंद, किल्ली दुसऱ्याकडे. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, नंबर १४४१६, मराठी-हिंदीत, बंगालीतही बोलतात.

---

कागदवाला_वकील
उशिरा आलो. कागदांचं लिहितो.

उपचाराला नागरिकत्व लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १८ मध्ये शब्द 'प्रत्येक व्यक्ती' असा आहे, 'प्रत्येक नागरिक' असा नाही. भारतानं १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, पण त्यामुळे सरकारी दवाखान्यातल्या उपचाराचा हक्क जात नाही. तिबेटी माणसाकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, तेवढं ओळखपत्र म्हणून पुरे. रस्त्यावर मोटारगाडीनं झालेला अपघात असेल तर केंद्राच्या २०२५च्या योजनेत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकड न भरता उपचार आहे. जखमीला आणणाऱ्याला पोलीस-दवाखान्यानं अडकवायचं नाही, मोटार वाहन कायदा कलम १३४अ.

आता महत्त्वाचं. वसाहतीतली तरुण मंडळी परदेशी जाऊन आश्रय मागतात तेव्हा तिथला अधिकारी तेच तेच तीनदा विचारतो आणि उत्तरं जुळली नाहीत की 'खोटं बोलतो' म्हणतो. तारखा आणि क्रम चुकणं हे डोक्याच्या मारामुळे होऊ शकतं, पण ते आधी कागदावर असलं पाहिजे. म्हणून इथलं जुनं कार्ड, टाक्यांची नोंद, पोलीस केसचा नंबर, सीटीचा अहवाल जपून ठेवा. सीटीची फिल्म आपल्या उन्हात एकमेकींना चिकटते, म्हणून नवी असतानाच खिडकीच्या काचेवर धरून मोबाइलनं फोटो काढा आणि स्वतःलाच पाठवून ठेवा.

डॉक्टरांनी लिहिताना 'जुनी जखम' एवढं पुरत नाही. टाळूवरचा वण कुठे, किती सेंटिमीटर, आकार कसा, बाजूला पट्टी ठेवून फोटो. छळाच्या खुणा तपासून नोंदवायची आंतरराष्ट्रीय पद्धत म्हणजे इस्तंबूल प्रोटोकॉल (१९९९, सुधारित २०२२), तो मत मांडायच्या पायऱ्या देतो: विसंगत, सुसंगत, बरीच सुसंगत, नमुनेदार, निदान ठरवणारी. त्यातलीच एक लिहा. 'छळ झाला' असा निकाल देऊ नका, तो डॉक्टरचा अधिकार नाही. आणि 'सीटी नॉर्मल, म्हणून काही झालं नाही' हेही लिहू नका. सौम्य मारात सीटी बहुतेक वेळा स्वच्छच येतो.

---

वावरातला_विश्लेषक
वर कुणी वास न येण्याबद्दल लिहिलं होतं. हे घरच्या घरी कसं बघायचं? कापूर हुंगवला तर?

---

मेंदूकारकून
कापूर नको. कापूर, बाम, अमोनिया, लवंग हे नाकाला झोंबतात, आणि झोंबणं वेगळ्या नसेनं कळतं. वास पूर्ण गेलेला माणूसही कापरानं मान मागे घेतो आणि तुम्ही 'वास येतो' लिहून मोकळे होता. कॉफीची पूड, अंगाचा साबण किंवा सुकं मोहफूल घ्या, जे त्या माणसाला लहानपणापासून माहीत आहे ते. डोळे मिटायला सांगा, एक नाकपुडी बोटानं बंद, दुसऱ्या बाजूला वस्तू बोटभर अंतरावर. ओळखता आलं नाही तरी चालेल, 'काहीतरी येतंय' म्हणाला की नस चालू आहे. सर्दी असेल तर आठवड्यानं पुन्हा. नाहीच आला तर चुलीवर करपलेलं, सिलिंडरचा गॅस, शिळं वरण त्याला कळणार नाही, हे घरच्यांना त्याच दिवशी सांगा.